निवडणे

मिस मेदेरोस तक्त्यावर पेन टेकवत सांगते:
पालक नको. चार्ड नको.
कोबी चालेल, लेट्यूस चालेल,
केल बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी फेकून.
आणि दुकानात मिळतं ते कमी सोडियमचं मीठ तर मुळीच नको,
त्यात पोटॅशियमच भरलेलं असतं.
दिगंबरनं परवाच त्याचे दोन डबे आणलेत.
तो खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या मोजतो.

तुम्हाला आता निवडावं लागेल, ती म्हणते
तिच्या भाषेत, तिच्या अर्थानं.
मी मनात म्हणते, बाई गं,
साठ वर्षं दुसरं काय केलं?
पेपर पसरून, मांडी घालून
जुडीचा दोरा सोडायचा, चिखल झटकायचा,
पिवळं पान इकडे, कोवळा देठ तिकडे,
शंका आली तर पान उजेडाकडे धरायचं:
भोक किड्याचं की नुसतं उन्हाचं?
न निवडता आमच्याकडे
कधी काही शिजलंच नाही.

शनिवारी कालव्याजवळ बाजार.
सोफालच्या टेबलावर लाल माठ, ओला, मातीसकट.
त्याला कंबोडियात काय म्हणतात मला माहीत नाही,
आम्ही काय म्हणतो ते तिला.
अकरा वर्षं आमचं बोटांवर भागतं.
दर वेळी चार जुड्या, आज मी एक बोट दाखवलं.
तिनं भुवया उंचावल्या.
मी मागे, कमरेवर तळवा ठेवला,
मग हातानंच नळ बंद केला.
ती थोडं थांबली. आईचंही तसंच, म्हणाली,
किंवा म्हणाली, आई गेली.
मी पहिलं निवडलं.

मिस मेदेरोसला फोन केला.
माठ हा शब्द तिला तीनदा सांगितला,
मग रंग सांगितला, मग पान.
बराच वेळ कळफलक वाजत राहिला.
पंधरा दिवसांतून एकदा, म्हणाली शेवटी,
दोनदा उकळून, अर्धा कप. सपाट.

चिरतो दिगंबर.
सेहेचाळीस वर्षं ज्यानं पालेभाजी
ताटाच्या कडेला सारली,
मी काय शेळी आहे का, म्हणाला,
तो आता चष्मा कपाळावर चढवून
पानाची रेघ रेघ करतो,
टायमर लावतो, ओट्यापासून हलत नाही.
पहिलं पाणी जांभळं निघतं,
दुसरं गुलाबी,
आणि भाजी उरते
पुष्कळ धुतलेल्या लुगड्यासारखी.
लसणाची फोडणी. लिंबू. मीठ नाही.
चव आहे का, विचारतो.
आठवण आहे, मी म्हणते. चालेल.

ते पहिलं पाणी मी मोरीत ओतणार,
तर त्यानं पातेलं धरलं.
खाऊन माजावं, टाकून माजू नये.
हे माझ्या आईचं वाक्य,
लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्यानं ऐकलेलं
आणि हसण्यावारी नेलेलं.
त्याची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत,
मागच्याच महिन्यात तपासली,
माझ्यासाठी तपासली, जुळत नाहीत.
त्यात मिरपूड टाकली, जिरेपूड टाकली,
स्टीलच्या पेल्यात ओतलं
आणि उभ्या उभ्या प्यायला,
मला जे चालत नाही ते सगळं.

कसं आहे?
भयंकर, म्हणाला,
आणि पेला पुन्हा पुढे केला.

पुढच्या वेळी रक्तात पाच पूर्णांक एक.
मिस मेदेरोस खूश, तक्त्यावर हसरा चेहरा काढते.
मी आकड्यांवर फार विसंबत नाही,
आकडे भाजीसारखे, एका रात्रीत मान टाकतात.

आज जुडी त्यानं सोडली.
जमिनीवर बसता येत नाही म्हणून टेबलावर,
खाली सुपरमार्केटचं जाहिरातपत्रक.
कोवळे देठ फेकतोय,
जून पानं ठेवतोय,
एक गोगलगाय हळूच उचलून
खिडकीतल्या कुंडीत सोडली.
सगळं चुकतंय.
जिभेच्या टोकाशी आलेलं मी गिळते
आणि त्याला निवडू देते.